परदेशी दुकान म्हणतंय पार्सल पोचलं, माझ्या हातात काहीच नाही. आता काय करू?

सायंतारा
नमस्कार मंडळी. मन फार अस्वस्थ आहे, म्हणून सगळं सविस्तर लिहिते.

मला कीटकांचे फोटो काढायचा नाद आहे. त्यासाठी एक वापरलेली मॅक्रो लेन्स बरेच महिने शोधत होते. एका परदेशी वेबसाइटवर ती इतर ठिकाणच्या जवळपास निम्म्या किमतीत दिसली. फोटो स्वच्छ, वर्णन नीट, खाली भरपूर चांगले अभिप्राय. क्रेडिट कार्डाने पैसे भरले. '१५ ते २५ दिवसांत पोचेल' असं पानावर लिहिलं होतं.

१२व्या दिवशी ट्रॅकिंग नंबर आला. मग बरेच दिवस काही हललंच नाही. मेल केली की उत्तर मात्र लगेच यायचं, अगदी गोड भाषेत. आधी 'हवामानामुळे उशीर', मग 'कस्टममध्ये तपासणी चालू आहे', मग 'कृपया अजून १५ दिवस धीर धरा'. मी धरला. ४१व्या दिवशी ट्रॅकिंगवर 'डिलिव्हर्ड' आलं. शहर माझंच, पण दारात कोणी आलं नाही. शेजाऱ्यांकडे, खालच्या मजल्यावर, सगळीकडे विचारून झालं.

आता विक्रेता म्हणतो, 'आमच्या नोंदीनुसार माल मिळाला आहे, घरच्यांना विचारा.' काल परत लिहिलं तर 'सदिच्छा म्हणून २० टक्के परत देतो' असं उत्तर आलं. बँकेत फोन केला. तिकडची मुलगी म्हणाली, ट्रॅकिंग डिलिव्हर्ड दाखवतंय म्हणजे तक्रार टिकणं अवघड आहे.

आज ६३वा दिवस आहे. वर्षभर बाजूला टाकलेले पैसे होते हो. २० टक्के घेऊन गप्प बसू का?

रानवाट
ताई, ते २० टक्के अजिबात घेऊ नका. 'ठीक आहे' असं मेलमध्येही लिहू नका. तुम्ही होकार दिलात की प्रकरण आपसात मिटल्याचा पुरावा तुमच्याच हाताने त्याला मिळेल. नाही म्हणालात की तो ३० वर येईल, मग ४० वर. हा भाव करण्याचा खेळ दिवस खाण्यासाठीच असतो.

आता ट्रॅकिंगचं. माझ्याबरोबर अगदी हेच झालं होतं. नंबर खोटा नसतो, तो खराच असतो. विक्रेता तुमच्याच शहरातल्या दुसऱ्याच कुठल्या तरी पत्त्यावर एक हलकंसं पाकीट पाठवतो. ते तिथे पोचतं आणि नोंद होते 'डिलिव्हर्ड'. ट्रॅकिंगच्या पानावर फक्त शहर दिसतं, घर दिसत नाही. तपासणाऱ्याला वाटतं, शहर जुळतंय, म्हणजे पोचलं असणार.

उद्याच तो नंबर घेऊन ज्या टपाल कार्यालयाने वाटप केलं तिथे जा. पाकीट कोणाला दिलं ते तुम्हाला सांगणार नाहीत, ते बरोबरच आहे. पण दोन गोष्टी विचारता येतात. हे तुमच्या पत्त्यावर होतं का? आणि नोंदीत वजन किती आहे? उत्तर लेखी मागा.

मोगरी
वाचते आहे. माझ्या बहिणीचं पार्सल असंच 'पोचलं' होतं. तिने नाद सोडून दिला. हे तेव्हा माहीत असतं तर!

देवनळ
ट्रॅकिंग नंबरबद्दल थोडी भर. टपालातून येणाऱ्या आंतरराष्ट्रीय वस्तूंच्या नंबराची रचना जगभर एकच आहे. जागतिक टपाल संघाचं एस-१० नावाचं प्रमाण आहे त्यासाठी. एकूण १३ चिन्हं. सुरुवातीची दोन अक्षरं वस्तूचा प्रकार सांगतात: 'आर'ने सुरू होणारं रजिस्टर्ड, 'सी'ने सुरू होणारं पार्सल, 'ई'ने सुरू होणारं स्पीड पोस्टसारखं जलद टपाल. मग ८ अंक, त्यानंतर १ तपासणी अंक, आणि शेवटची दोन अक्षरं पाठवणाऱ्या देशाची.

तपासणी अंक घरी काढता येतो. आठ अंकांना ओळीने ८, ६, ४, २, ३, ५, ९, ७ ने गुणायचं, बेरीज करायची, ११ ने भागून बाकी काढायची आणि ती ११ मधून वजा करायची. उत्तर १० आलं तर ० धरायचा, ११ आलं तर ५. उदाहरणार्थ १२३४५६७८ घ्या. बेरीज २०४, बाकी ६, म्हणून नववा अंक ५. हा अंक जुळत नसेल तर नंबर मनाने रचलेला आहे हे दोन मिनिटांत कळतं. खाजगी कुरियरचे नंबर वेगळ्या पद्धतीचे असतात, त्यांना हे लागू नाही.

सायंताराताईंचा नंबर खराच असणार, नाहीतर डिलिव्हर्ड आलंच नसतं. पण शेवटची दोन अक्षरं बघा. दुकान एका देशातलं म्हणवतं आणि पाकीट दुसऱ्याच देशातून निघालंय असं असेल तर तेही लिहून ठेवा.

सायंतारा
देवनळ, आत्ता बघितलं. दुकानाच्या पानावर जो देश लिहिलाय तो आणि नंबराच्या शेवटचा देश वेगळे आहेत! इतके दिवस तो नंबर रोज बघत होते, हे लक्षातच आलं नाही. रानवाट, उद्या सकाळी जाते.

उंबरठा
एवढं करण्यापेक्षा त्यांच्या फेसबुक पानावर जाऊन सगळं उघडं पाडा. घाबरून पैसे देतील.

शून्यप्रहर
उंबरठा, राग समजतो, पण इतक्यात नको. अशी पानं तुमची प्रतिक्रिया पुसतात आणि तुम्हाला ब्लॉक करतात. मग आधीचा संवादही दिसेनासा होतो. आधी सगळे स्क्रीनशॉट, मग बँकेत तक्रार, बाकी त्यानंतर.

मी बरीच वर्षं कार्डांच्या तक्रारी हाताळण्याचं काम केलंय, म्हणून जरा लांबण लावतो.

सायंताराताई, फोनवर जे सांगितलं गेलं ते अंतिम नाही. फोन घेणाऱ्या व्यक्तीला समोर फक्त एक ओळ दिसते. तुम्हाला मागायचं आहे ते 'चार्जबॅक', म्हणजे बँकेने कार्डाचा व्यवहार उलटवून दुकानाकडून पैसे परत घेणं, आणि तेही लेखी. व्हिसा या कार्ड-कंपनीच्या नियमांत 'माल मिळाला नाही' याला स्वतंत्र कोड आहे, १३.१. वर्णनाप्रमाणे नसलेल्या मालाला १३.३ आणि बनावट मालाला १३.४. मास्टरकार्डमध्ये हे सगळे प्रकार ४८५३ खाली येतात. तुमचं प्रकरण पहिल्या प्रकारचं आहे, आणि अर्जात तेच शब्द हवेत: माल मिळाला नाही.

एक कळकळीची विनंती. रागाच्या भरात 'हा व्यवहार मी केलाच नाही' असं कधीही लिहू नका. काही जण हा सल्ला देतात. तो खोटा आहे आणि घातकही आहे. व्यवहार तुम्ही केला आहे, तुमच्या ईमेलवर पावती आहे. दुकान ती पावती पुढे करतं आणि तक्रार तिथेच मरते. खरी बाजू भक्कम असताना खोटं बोलून ती घालवू नका.

आता दिवसांचं. 'पैसे भरल्यापासून १२० दिवस' असं सगळीकडे ऐकू येतं, ते अर्धवट आहे. व्हिसाच्या नियमाप्रमाणे माल न मिळाल्याच्या तक्रारीत १२० दिवस मोजायचे ते माल मिळणं अपेक्षित होतं त्या शेवटच्या तारखेपासून, आणि व्यवहारापासून ५४० दिवसांपलीकडे कोणत्याही परिस्थितीत जाता येत नाही. म्हणजे तुमचे १२० दिवस २५व्या दिवसानंतर सुरू झाले. पण ही मुदत तुमच्या बँकेला आहे. बँकेची स्वतःची मुदत याहून कमी असू शकते आणि कागद फिरायलाही वेळ लागतो. तुम्ही ६३वर आहात, वेळ आहे. फक्त विक्रेत्याला आता एकही दिवस देऊ नका. 'अजून १५ दिवस थांबा' हे वाक्य तो प्रत्येकाला लिहितो, कारण मुदत संपली की त्याला काहीच करायची गरज उरत नाही.

अर्जासोबत एका पानावर तारीखवार हकीकत द्या. पान एकच. ऑर्डर कधी, पोचण्याचं आश्वासन काय, नंबर कधी आला, तुम्ही कधी लिहिलं, काय उत्तर आलं. त्याखाली पुरावे: वस्तूच्या पानाचा स्क्रीनशॉट, ऑर्डरची पावती, सगळ्या मेल. आणि टपाल कार्यालयाकडून मिळेल ते. तो कागद हाती आला तर तुमचं पारडं जड होईल.

पाऊलखुणा
कार्ड नसेल आणि पेपालसारख्या सेवेतून पैसे दिले असतील त्यांच्यासाठी लिहिते. पेपालमध्ये पैसे दिल्यापासून १८० दिवसांत तक्रार उघडता येते. उघडल्यावर २० दिवसांच्या आत ती 'क्लेम'मध्ये वाढवावी, म्हणजे निर्णयासाठी पेपालकडे सोपवावी लागते. नाहीतर आपोआप बंद होते, आणि एकदा बंद झालेली तक्रार पुन्हा उघडत नाही.

मी इथेच फसले. बूट मागवले होते, आले ते भलतेच. तक्रार उघडल्यावर विक्रेत्याने लिहिलं, 'तक्रार उघडी असल्यामुळे आमचं खातं गोठलंय, ती बंद केलीत की लगेच पैसे पाठवतो.' मला पटलं. त्याची अडचण खरी वाटली. बंद केली आणि त्यानंतर एकही उत्तर आलं नाही. कोणीही काहीही सांगो, पैसे खात्यात दिसेपर्यंत तक्रार बंद करायची नाही.

आणि 'फ्रेंड्स अँड फॅमिली' म्हणून पैसे पाठवा, शुल्क वाचेल, असं अनोळखी विक्रेता म्हणाला तर तिथेच थांबा. त्या प्रकारात खरेदीदाराला संरक्षण नसतं.

कातरवेळ
मी दुसऱ्या बाजूची आहे. हाताने विणलेल्या वस्तू परदेशात विकते. चार्जबॅक आला की पैसे तर जातातच, वर शुल्क बसतं, आणि प्रमाण वाढलं तर पैसे स्वीकारायची सोयच बंद होते. माझं पार्सल एकदा खरोखर कस्टममध्ये सहा आठवडे अडकलं होतं. समोरच्या बाईंनी एका ओळीनेही न विचारता थेट बँकेत तक्रार केली. फार वाईट वाटलं.

म्हणून एवढंच म्हणेन, आधी विक्रेत्याला विचारा. खरा विक्रेता ओळखू येतो. तो पावतीचा फोटो पाठवतो, टपालाकडे स्वतः चौकशी लावतो, आणि मुख्य म्हणजे तुमच्या प्रश्नाचं उत्तर देतो. सायंताराताई, तुम्हाला आलेल्या मेलमध्ये एकाही प्रश्नाचं उत्तर नाही. तुम्ही खुशाल तक्रार करा.

रानवाट
कातरवेळ, पटलं. विचारायचंच, पण विचारताना तारीख घालायची: 'अमुक तारखेपर्यंत पुरावा किंवा पूर्ण परतावा द्या.' ती मेलही नंतर पुरावा म्हणून उपयोगी पडते.

सायंतारा
टपाल कार्यालयात जाऊन आले. आधी खिडकीवर 'ऑनलाइन बघा' म्हणाले. मी हकीकत सांगितली, तेव्हा आतल्या एका वयस्कर गृहस्थांनी बसवून घेतलं आणि नोंद काढली.

वजन २० ग्रॅम. माझी लेन्स साधारण ६५० ग्रॅमची आहे. पत्ता माझा नव्हता, नावही माझं नव्हतं. त्यांनी शिक्क्यासह दोन ओळी लिहून दिल्या: या नंबराची वस्तू तुमच्या पत्त्यावर नव्हती, नोंदलेलं वजन अमुक.

तो कागद हातात घेतल्यावर डोळे भरून आले. इतके दिवस आपलंच काही चुकलं असं वाटत होतं. शून्यप्रहर, तुम्ही सांगितलं तसं एका पानावर सगळं लिहिलंय. उद्या बँकेत देते.

शून्यप्रहर
उत्तम! तो कागद सगळ्यात वर लावा. दाखल केल्याची पोच आणि तक्रार क्रमांक घेतल्याशिवाय निघू नका.

झाकोळ
इथे सगळे फसल्यानंतरचं बोलताहेत, म्हणून थोडं आधीचं. मी जुनी उपकरणं परदेशातून मागवतो, त्यातून शिकलेलं.

पत्त्याच्या पट्टीतल्या कुलपाच्या चिन्हावर विसंबू नका. त्याचा अर्थ एवढाच की तुमच्या आणि त्या साइटच्या मधलं बोलणं कोणी ऐकत नाही. समोर चोर असला तरी कुलूप दिसतं, ते प्रमाणपत्र फुकट मिळतं. त्यापेक्षा डोमेन, म्हणजे साइटच्या पत्त्यातलं नाव, कधी नोंदवलंय ते बघा. डोमेन-नावांचा कारभार बघणाऱ्या आयकॅन संस्थेच्या लुकअप पानावर नाव टाकलं की तारीख येते. 'गेली २० वर्षं आपल्या सेवेत' म्हणणारं दुकान तीन महिन्यांपूर्वी नोंदवलेलं निघतं. तारीख जुनी असली तरी लगेच निर्धास्त होऊ नका, कारण सोडून दिलेली जुनी डोमेनं विकत घेऊनही दुकानं थाटतात. इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर त्याच पत्त्याची जुनी पानं बघा. परवा बघितलं तर एका बुटांच्या दुकानाच्या जागी पूर्वी एका वादकाचं पान होतं.

तो फोटो आणखी कुठे वापरलाय ते शोधा, गूगल लेन्स किंवा टिनआयवर. तोच फोटो, तेच बोट, तीच टेबलावरची चरी पाच दुकानांत सापडते. वापरलेली वस्तू असेल तर विक्रेत्याकडे नवा फोटो मागा: वस्तूशेजारी कागद, त्यावर हाताने लिहिलेली आजची तारीख आणि तुम्ही सांगाल तो शब्द. लेन्सवर सिरीयल नंबर असतो, तो वाचता येईल असा हवा. वस्तू हातात असणाऱ्याला हे दोन मिनिटांचं काम आहे. ज्याच्याकडे ती नाहीच तो कारणं सांगत बसतो.

मेमरी कार्ड आणि पेनड्राइव्हबद्दल खास. स्वस्तात '२ टेराबाइट' मिळणाऱ्या कित्येक पेनड्राइव्हमध्ये खरी जागा ३२ किंवा ६४ जीबी असते. आतल्या नियंत्रण-चिपला खोटं सांगायला लावलेलं असतं, म्हणून कॉम्प्युटरलाही २ टेराबाइटच दिसतात. तुम्ही भरत जाता आणि फाइल्स गुपचूप नष्ट होत जातात. आल्याबरोबर विंडोजवर एच-टू-टेस्ट-डब्ल्यू किंवा लिनक्स-मॅकवर एफ-थ्री या मोफत प्रोग्रॅमने पूर्ण जागा लिहून-वाचून तपासा. तक्रारीची मुदत चालू असतानाच. मुलांचे फोटो भरल्यावर कळलं तर पैशांपेक्षा मोठं नुकसान झालेलं असतं.

मोगरी
झाकोळदादा, माल आला पण नकली आला तर? विक्रेता म्हणतो स्वखर्चाने परत पाठवा, आणि तो खर्च वस्तूहून जास्त.

शून्यप्रहर
मोगरी, तो खर्च जास्त असावा म्हणूनच तसं सांगतात. विक्रेत्याच्या शब्दावर वस्तू धाडू नका. ज्या सेवेकडे तक्रार केलीत तिने सांगितलं तरच, तिने दिलेल्या पत्त्यावर आणि ट्रॅकिंगसहच पाठवा. विक्रेता कधी कधी मेलमध्ये वेगळाच पत्ता देतो. तिथे पाठवलं तर परत आल्याची नोंद होत नाही. वस्तू बनावट असल्याचं त्या कंपनीकडून किंवा जाणकाराकडून लेखी मिळालं तर तक्रार 'बनावट माल' म्हणून घाला. पाकीट उघडतानाचा व्हिडिओ असला तर बरं, पण निर्णय लेखी पुराव्यावरच होतो.

सायंतारा
एक विचित्र गोष्ट झाली. मी एका तक्रारींच्या साइटवर त्या दुकानाबद्दल दोन ओळी लिहिल्या होत्या. आज एकाचा मेसेज आला: आम्ही आंतरराष्ट्रीय पैसे-वसुली करतो, तुमचे पैसे आमच्याकडे अडकलेले दिसताहेत, थोडं प्रक्रिया शुल्क भरा. त्याला माझी रक्कम तंतोतंत माहीत आहे.

पाऊलखुणा
नको! ताई, एक पैसाही देऊ नका. ही दुसरी फेरी असते. फसलेल्यांच्या याद्या विकल्या जातात, किंवा तेच लोक नाव बदलून येतात. रक्कम माहीत आहे ती त्यामुळेच. बँक किंवा पोलीस परतावा देण्यासाठी आधी शुल्क मागत नाहीत.

तसाच आणखी एक मेसेज येऊ शकतो, 'पार्सल अडकलंय, कस्टमची किरकोळ रक्कम भरा' असा लिंकसकट. लिंक न उघडता टपाल खात्याची साइट स्वतः टाइप करून नंबर बघायचा.

सायंतारा
ब्लॉक केलं. खरं सांगू, क्षणभर मोह झाला होता.

सायंतारा
अठरा दिवसांनी लिहिते आहे. बँकेने रक्कम खात्यात तात्पुरती जमा केली आहे. दुकानाला उत्तर द्यायची मुदत आहे, त्यांनी काही सादर केलं तर प्रकरण पुन्हा उघडेल. म्हणून ते पैसे मी हात न लावता ठेवलेत. दुकानाकडून काल मेल आली, 'तक्रार मागे घ्या, पूर्ण परतावा देतो.' पाऊलखुणा, तुमचं वाचलं नसतं तर मी मागे घेतली असती. उत्तर दिलं नाही. मेल छापून फाइलला लावली.

नवी_पालवी
नमस्कार, पहिल्यांदाच लिहितोय. ताई, तुमच्या लेन्सच्या फोटोत मागे निळं कापड आणि कोपऱ्यात तडा गेलेली फरशी होती का? मी त्याच फोटोवरून दुसऱ्या नावाच्या दुकानातून मागवली आहे. ९ दिवस झाले. 'कार्ड सध्या चालत नाही' म्हणून त्यांनी बँक ट्रान्सफर करायला लावलं. आत्ता हा धागा सापडला आणि हातपाय गार पडले.

सायंतारा
हो. निळं कापड. तीच फरशी.

आधी एक करा. आत्ता, हे वाचून झाल्याबरोबर बँकेला फोन करा. ग्राहकसेवेला नको, फसवणूक विभागाला. ट्रान्सफरला चार्जबॅक नसतो, पण 'रिकॉल' मागता येतो.

शून्यप्रहर
बरोबर. आंतरराष्ट्रीय ट्रान्सफर असेल तर तुमची बँक समोरच्या बँकेला स्विफ्ट या बँकांच्या संदेश-जाळ्यावरून परतीची विनंती पाठवते आणि खातं फसवणुकीचं असल्याचं कळवते. पैसे अजून त्या खात्यात असतील तरच काही हाती लागतं, म्हणून तास महत्त्वाचे आहेत. ९ दिवस म्हणजे उशीर झालाय, खोटी आशा दाखवणार नाही, पण विनंती गेलीच पाहिजे. सोबत पोलिसांत तक्रार आणि तिची प्रत बँकेला. ईकन्झ्युमर डॉट गव्हवरही नोंदवा. अनेक देशांच्या ग्राहक यंत्रणांनी मिळून चालवलेलं ते ठिकाण आहे. ते वैयक्तिक पैसे मिळवून देत नाहीत, पण एकाच टोळीची दोन नावं त्यांना तिथे जोडता येतात. तुमच्या दोघांच्या तक्रारीत तो फोटो असू द्या.

नवी_पालवी
बँकेच्या रांगेत आहे फोनवर. ट्रान्सफरचा संदर्भ क्रमांक समोर ठेवलाय. अजून काय लागेल?

सायंतारा
समोरचं खातं कोणाच्या नावावर आहे ते, त्यांची खाते क्रमांक दिलेली मेल आणि त्या पानाचा स्क्रीनशॉट. पान आत्ताच साठवून घ्या, मला फसवलेल्या दुकानाचं पान तक्रारीनंतर तिसऱ्या दिवशी गायब झालं होतं. मी माझ्याकडचे स्क्रीनशॉट तुम्हाला निरोपातून पाठवते, म्हणजे दोन्ही दुकानांतला तोच फोटो बँकेला शेजारी शेजारी दाखवता येईल. फोन ठेवू नका, मी इथेच आहे.